भाडेकरू बारा वर्षांत मालक होत नाही

‘एकच भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. म्हणून करार अकराच महिन्यांचा करा, मधे महिनाभर घर रिकामं ठेवा, लाइट बिल त्याच्या नावावर होऊ देऊ नका.’ हा मेसेज घरमालकांमध्ये वरचेवर फिरतो आणि त्याच्या धसक्यानं वेळेवर भाडं देणाऱ्या चांगल्या माणसांना घर सोडायला सांगितलं जातं.

हे खरं असतं, तर गिरगाव-लालबागच्या चाळींतली कुटुंबं कधीच मालक झाली असती. तिथे तीन-तीन पिढ्या पागडीच्या खोल्यांत गेल्या. भाडं नाममात्र, कायद्याचं संरक्षण भक्कम, पण पावतीवर आजही ते भाडेकरूच आहेत.

बारा वर्षांचा आकडा येतो १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातून. त्याच्या अनुच्छेद ६५ नुसार, कुणी तुमच्या मिळकतीवर तुमच्या हक्काविरुद्ध कब्जा केला, तर त्या कब्ज्यापासून बारा वर्षांत दावा लावावा लागतो. नाही लावला, तर कलम २७ प्रमाणे तुमचा हक्कच संपतो. सरकारी जमिनीला ही मुदत तीस वर्षांची. पण कब्जा प्रतिकूल हवा. उघड, सलग, आणि ‘ही जागा माझी’ असं मूळ मालकाला नाकारून. २००४ मध्ये कर्नाटक वक्फ बोर्डाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे निकष स्पष्ट सांगितले आहेत. भाडेकरू तुमच्याच परवानगीनं आत आलेला असतो आणि दर महिन्याला भाडं भरून तुम्हालाच मालक म्हणून मान्यता देत असतो. शिवाय जागेत असेपर्यंत त्याला घरमालकाची मालकी नाकारताच येत नाही. ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती, आताच्या साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणजे तो जितकी जास्त वर्षं भाडं भरेल, तितका तुमचाच पुरावा वाढतो.

‘सुप्रीम कोर्टाचा निकाल’ म्हणतात तो बहुधा ऑगस्ट २०१९ चा, रविंदर कौर ग्रेवाल खटल्यातला. प्रश्न असा होता, की प्रतिकूल कब्ज्याची बारा वर्षं पूर्ण केलेला माणूस फक्त बचाव करू शकतो, की स्वतः दावाही लावू शकतो? तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, दावाही लावू शकतो. भाडेकरू मालक होतो, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. पुढचं सगळं फॉरवर्ड करणाऱ्यांनी रचलं.

लाइट बिलाचं काय? २००३ च्या वीज कायद्यानुसार जोडणी मालकाला मिळते, तशीच तिथे राहणाऱ्यालाही. त्यामुळे बिलावरून राहतो कोण एवढं कळतं, घर कुणाचं ते नाही.

तरीही ही भीती हवेतून आलेली नाही, आणि मेसेज खोडणारे नेमकं हेच विसरतात. १९४८ च्या कूळ कायद्याखाली १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कसणारी कुळं जमिनीची मानीव खरेदीदार ठरली, म्हणजे जमीन त्यांनी विकत घेतली असं कायद्यानंच मानलं. कोकणातल्या कित्येक खोत, म्हणजे जुन्या जमीनदार, घराण्यांत त्या दिवसाचा विषय अजून निघतो. पुढे मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ ला परवान्यावर राहणारे एकदम संरक्षित भाडेकरू झाले. आजोबांनी हे पाहिलं, नातवाला फक्त धास्ती मिळाली. पण दोन्ही वेळा विधिमंडळानं कायदा केला होता. नुसतं कॅलेंडर उलटून काही झालं नव्हतं.

अकरा महिन्यांची युक्तीही महाराष्ट्रात निकामी आहे. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याची नोंदणी वाचावी म्हणून ती निघाली. पण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. स्टॅम्प पेपरवर अकरा महिने लिहून नोटरी करणारा मालक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स असेल, तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं आणि राहणारा जागा सोडेपर्यंत त्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई द्यावी लागते.

मालकानं झोपून चालतं असं मात्र नाही. भाडेपट्टा रीतसर संपवल्यावर ताबा परत मागण्याचा दावा बारा वर्षांतच लावावा लागतो, हा अनुच्छेद ६७. म्हणजे धोक्यात यायला एवढी वर्षं भाडं न घेता, नवा करार न करता आणि कोर्टाची पायरी न चढता काढावी लागतील.

खरी काळजी करायची तर गावाकडच्या रिकाम्या प्लॉटची करा. शेजाऱ्यानं विनापरवानगी कंपाउंड घातलंय, आत गोठा बांधलाय, आणि तुम्ही गणपतीला जाऊन तो बघून परत येता. तिथे बारा वर्षं खरोखर मोजली जातात. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, एवढ्यानं ती थांबत नाहीत. गोठा कधी बांधला याची चौकशी करा, जमिनीची मोजणी मागवा आणि मुदतीच्या आत दावा लावा.