एका ‘टक्’चे निदान

मोटार चालू न होण्यातही प्रकार असतात. सेल्फ मारल्यावर इंजिन घरघरत, कण्हत शेवटी दम सोडते, हा पहिला प्रकार. जुन्या टाइपरायटरसारखी नुसतीच कटकट ऐकू येते, हा दुसरा. आणि किल्ली फिरवल्यावर फक्त एकदाच, अत्यंत शिष्टपणे, ‘टक्’ असा आवाज होऊन पुढे काहीच घडत नाही, हा तिसरा. मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी सव्वासात वाजता आमच्या वाट्याला हा तिसरा प्रकार आला. वाईला भाचीचा साखरपुडा होता आणि मुहूर्त अकराचा होता. मागच्या सीटवर फळांची परडी, साड्यांची पिशवी आणि सासूबाई अशी सगळी मांडामांड झाली होती. मी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. “चालू झाली का?” असे सासूबाईंनी विचारले. त्यांना कमी ऐकू येते, त्यामुळे तो आवाज त्यांना आला नव्हता. बाकी सगळ्या सोसायटीला मात्र आला होता.

पुण्यात बंद पडलेल्या गाडीचे बॉनेट उघडणे म्हणजे सभेची नोटीस काढण्यासारखे आहे. पाच मिनिटांत गणसंख्या पूर्ण झाली. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी चहाचा कप घेऊनच खाली आले आणि इंजिनाकडे न पाहता म्हणाले, “बॅटरी. माझं ऐका, बॅटरीच.” तिसऱ्या मजल्यावरच्या संगणक अभियंत्याने गाडी लॉक करून, दोन मिनिटे थांबून, पुन्हा उघडून पाहायला सांगितले, त्याच्या व्यवसायातला तो रामबाण उपाय असावा. वॉचमनने उंदरांनी वायर कुरतडल्याचा संशय घेतला आणि मागे एका साहेबांच्या गाडीत बॉनेटखाली पाच पिल्ले कशी सापडली होती ते सविस्तर सांगितले. एका वयोवृद्ध गृहस्थांनी तर हल्लीच्या गाड्यांना हँडल नसते हेच सगळ्याचे मूळ असल्याचे जाहीर केले. त्यांच्या ॲम्बॅसडरला हँडल होते आणि ते मारताना त्यांचे मनगट दोनदा मुरगळले होते, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत विजेचा सेल्फ आला तो लोकांची मनगटे वाचावीत म्हणूनच, हे मी त्यांना सांगणार होतो, पण ते पुढच्या मनगटाकडे वळले होते.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी ३१ वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे. विद्युतधारेचे प्रकरण हे माझे विशेष आवडते प्रकरण आणि ओहमचा नियम तर मी फळ्याकडे पाठ करूनही लिहू शकतो. त्यामुळे हा प्रश्न मी शास्त्रीय पद्धतीने सोडवावा अशी पत्नीची अपेक्षा होती आणि ती तिने चारचौघांत बोलूनही दाखवली. मी वर जाऊन मल्टिमीटर आणला. शिशाच्या बॅटरीत सहा घट असतात आणि प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट धरले, तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. आमची १२.५ दाखवत होती. “बॅटरी उत्तम आहे,” असे मी जाहीर केले. बँकवाल्या काकांनी चहाचा घोट घेतला आणि ज्या नजरेने त्यांनी आयुष्यभर अपुऱ्या तारणाचे अर्ज पाहिले असतील, त्या नजरेने मल्टिमीटरकडे पाहिले.

शेवटी धक्का देण्याचे ठरले. दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून मी बसलो. सहा जणांनी गाडी फाटकाच्या उतारापर्यंत लोटली. मी क्लच सोडला आणि इंजिन एका हिसक्यात सुरू झाले. टाळ्या पडल्या. सासूबाईंना धक्क्याच्या वेळी खाली उतरवले होते, त्यांना पुन्हा बसवण्यासाठी मी कृतकृत्य होऊन खाली उतरलो. उतरताना, गाडी सोडली की किल्ली काढून खिशात टाकायची, या तीस वर्षांच्या सवयीने मी किल्ली काढून खिशात टाकली.

त्यानंतरच्या शांततेचे वर्णन मी करणार नाही. धक्का देणाऱ्यांपैकी प्रत्येकाला अचानक घरची काहीतरी कामे आठवली. आम्ही रिक्षाने स्वारगेट गाठले आणि परडी, पिशवी व सासूबाई यांच्यासह एसटीने वाईला निघालो. खंबाटकीचा घाट येईपर्यंत पत्नी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. घाटाच्या एका वळणावर तिने फक्त एवढेच विचारले, “अहो, पण काढलीतच कशाला?”

सोमवारी बॅटरीच्या दुकानातून माणूस आला. त्याने बॅटरीवरची तारीख पाहिली. “चार वर्षं झाली ना साहेब? मग गेलीच.” मी १२.५ व्होल्टचा दाखला दिला. त्यावर, व्होल्ट दिसतात पण ताकद नसते, असे तो म्हणाला. हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अगदीच चूक नसल्यामुळे माझा नाइलाज झाला. खरे तर ताकद आहे की नाही, हे तपासायचे त्याचे यंत्र त्याच्याच पिशवीत होते आणि ते त्याने बाहेर काढले नाही, पण हे मला नंतर सुचले. जुनी बॅटरी सातशे रुपयांत घेऊन त्याने नवी बसवली आणि वर चार हजार शंभर घेतले. मी किल्ली फिरवली. टक्. आवाज थोडा अधिक ठणठणीत आला, एवढा फरक पडला.

मंगळवारी वायरमन आला. गाड्यांचे विजेचे काम करणाऱ्याला आमच्याकडे वायरमनच म्हणतात. त्याच्या खांद्याला एक मळकी पिशवी आणि कानामागे टेस्टर होता. बॉनेट उघडण्याआधी त्याने एकच प्रश्न विचारला, “सर, सेल्फ मारताना हेडलाइट मंद होतो का?”

तीन दिवसांत, सोसायटीच्या अख्ख्या तज्ज्ञ मंडळात, हा प्रश्न कोणालाही सुचला नव्हता. मी दिवे लावून किल्ली फिरवली. समोरच्या भिंतीवरची ‘येथे वाहने लावू नयेत’ ही पाटी जशी लख्ख दिसत होती तशीच दिसत राहिली. बॅटरी बसली असती किंवा सेल्फ आतून जाम झाला असता, तर दिव्याने मान टाकली असती. दिव्याला वीज पुरते आणि सेल्फला पुरत नाही, म्हणजे ती वाटेत कुठेतरी अडते आहे.

मग त्याने माझाच मल्टिमीटर मागून घेतला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावले, दुसरे थेट इंजिनाच्या लोखंडाला टेकवले आणि मला सेल्फ मारायला सांगितले. ही दोन टोके म्हणजे विजेच्या दृष्टीने एकच जागा. तिथे काटा अर्ध्या व्होल्टच्या वर जाता कामा नये. मीटरने सात दाखवले. “हात लावा इथं,” असे म्हणून त्याने क्लचच्या केबलवर माझे बोट ठेवले. केबल कोमट होती! “अर्थिंग गेलंय सर. हमरस्ता बंद झाला, की करंट गल्लीबोळातनं जातो.” इंजिनाचे अर्थिंग, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, तुटल्यामुळे सेल्फचा शंभरावर अँपिअरचा प्रवाह परत येण्यासाठी क्लचच्या बारीक तारेतून वाट काढत होता. धक्क्याने इंजिन सुरू झाले त्याचेही कोडे इथेच सुटले, कारण प्लगच्या ठिणगीला लागणारी किरकोळ वीज त्या गल्लीतून सहज जात होती. अडत होती ती फक्त सेल्फची वरात.

त्याने गाडीखाली घुसून गिअरबॉक्सला जोडलेली अर्थिंगची तांब्याची विणलेली पट्टी बाहेर काढली. तिच्या टोकाशी, बोल्टच्या वॉशरखाली, देवघरातल्या न घासलेल्या तांब्यावर चढतो तसा हिरवा थर दाटला होता आणि निम्म्या तारा भुसभुशीत होऊन नुसत्या धरल्यासारख्या उरल्या होत्या. चार पावसाळ्यांचे ते संचित होते. त्याने नवी पट्टी लावली, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, वरून व्हॅसलिन फासले आणि सामानासकट साडेतीनशे रुपये झाले असे सांगितले.

मला मात्र तो सात व्होल्टचा आकडा छळत होता. रविवारी मी १२.५ मोजले तेव्हा किल्ली बंद होती. प्रवाहच नसेल, तर रोध कितीही असला तरी विभवांतर शून्य येणार. हे उदाहरण मी दरवर्षी दहावीच्या मुलांना घालत असे आणि चुकणाऱ्यांना, “अरे, आधी करंट तरी सोड,” असे खेकसत असे. हा सगळा खुलासा मी संध्याकाळी पत्नीला कागदावर आकृती काढून दिला. तिने तो शांतपणे ऐकला आणि “म्हणजे जुनी बॅटरी चांगली होती,” एवढाच निष्कर्ष काढला.

बुधवारी सकाळी मी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बँकवाले काका चहाचा कप घेऊन उभेच होते. “झाली ना चालू?” त्यांनी वरून विचारले. “बॅटरीच होती ना?”

मी तोंड उघडले. अर्थिंग, रोध, क्लचची केबल, तांब्याची पट्टी हे सगळे खालून वर ओरडून सांगायचे, म्हणजे निदान पाऊण तास गेला असता, आणि शेवटी त्यांनी, बॅटरी बदलल्यावर गाडी सुरू झाली की नाही, एवढेच विचारले असते.

“हो,” मी म्हणालो, “बॅटरीच होती.”