पसरणी घाटातले घोडे

गाडी घेताना माणूस अ‍ॅव्हरेज विचारतो. पिकअपची आठवण त्याला घाटात होते.

आमच्या गाडीचं नाव सांगत नाही. बिचारीनं इतकी वर्षं इमानानं नोकरी केली आहे, चारचौघांत तिची शोभा नको. ७९६ सीसी, तीन सिलिंडर आणि माहितीपत्रकात ४८ पीएस, म्हणजे जर्मन मापाची अश्वशक्ती. हेच ब्रिटिश घोड्यांत मोजलं तर ४७ भरतात, कारण जेम्स वॅटचा घोडा ७४६ वॅटचा आणि जर्मन पीएसवाला घोडा ७३५ वरच दमतो. म्हणजे नुसतं माप बदललं की एक घोडा फुकट. एवढा स्वस्त उपाय मला नंतर कुठेही सापडला नाही.

बायकोचं माहेर भिलारला. त्यामुळे वाई ते पाचगणी हा पसरणी घाट आमच्या संसाराला जोडूनच आला आहे. घाट लागला की मी एसी बंद करतो (कॉम्प्रेसर दोन-तीन घोडे खातो, एसी बंद करणं हाच आमच्या घरचा टर्बो), काचा खाली होतात, मागे आई रामरक्षा सुरू करते आणि तिच्याही मागे एसटी हॉर्न देते. चढावर एसटीनं मागे टाकलं, इथवर मी सोसतो. पण मागे टाकताना खिडकीतल्या आजीबाई जे हळहळून बघतात ना, ते सोसवत नाही. घोडे वाढवायचे, असं मी ठरवलं ते त्या आजीबाईंपायी. फक्त खर्च बेताचा हवा.

आता आमचं इंजिन नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड. टर्बोवाल्याला हवा कोंबून मिळते, आमच्या पिस्टनला खाली जाताना स्वतःच ओढून घ्यावी लागते. बाहेर हवा जेवढी दाट, तेवढीच आत येणार आणि तेवढंच पेट्रोल जळणार. पाचगणी साधारण १,३०० मीटरवर. तिथली हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे १२ टक्के विरळ. याचा अर्थ पाच-सहा घोडे आम्हाला न विचारताच वाटेत उतरून जातात. पुणं ५६० मीटरवर असल्यामुळे त्यातले दोन-अडीच तर घरातून निघतानाच गैरहजर असतात! हे फुकटात परत हवे असतील, तर मुंबईला राहायला जायचं. तिथले जागेचे भाव पाहता टर्बो स्वस्त पडेल.

शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या गाडीत इंजिन सोडून सगळं बदललेलं आहे. तो म्हणाला, "काका, आधी फिल्टर बदला," आणि मला नाना पेठेत घेऊन गेला. तिथे शंकूच्या आकाराचा लालचुटुक फिल्टर होता, किंमत माझ्या एका टायरहून जास्त. "किती घोडे वाढतील?" मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "सर, आवाज ऐका." किती वाढतील हे मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा आवाजच ऐकवला. खरी गोम अशी, की हा उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि हवा तीन अंशांनी तापली की जवळपास एक टक्का विरळ होते. कंपनीचा कुरूप काळा प्लॅस्टिकचा डबा बाहेरची गार हवा आणत असतो. त्याला काढून हा लावायचा म्हणजे घरच्या बैलाला विकून त्या पैशात घुंगरं आणण्यासारखं.

मग सायलेन्सर. फ्री-फ्लो, म्हणजे धूर सहज बाहेर सोडणारा, सायलेन्सर लावला की पन्नास घोडे वाढल्यासारखे ऐकू येतात. चाकापर्यंत एखादा पोचला तरी पुष्कळ. त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो मी पाहिलेले आहेत. रीमॅपचंही, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलण्याचंही, विचारून झालं. टर्बो इंजिनाला त्यानं पंचवीस-तीस टक्के मिळू शकतात, आमच्यासारख्या साध्या इंजिनाला पाच-सात. तीन घोड्यांसाठी मागितलेल्या पैशांत मला वाईच्या बाजारात एक खरा मिळाला असता. राहता राहिलं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल, लिटरला दीडशेच्या पुढे. ऑक्टेन म्हणजे इंजिनात ठोका न पडू देण्याची पेट्रोलची ताकद. ती लागते जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनांना. आमच्या गाडीला ते पाजलं, तरी फरक फक्त खिशाला पडतो.

शेवटी मी वही घेऊन बसलो. गाडी सातशे किलो, आम्ही पाच जण आणि सामान मिळून साडेतीनशे. शंभर किलो कमी केले, तर चार-पाच घोडे वाढल्याइतका फरक, खर्च शून्य! डिकीतून जुना जॅक, सतरंजी, गणपतीच्या मखराचं थर्माकोल आणि कुणाचं तरी हेल्मेट निघालं. सगळं मिळून पंधरा किलोसुद्धा भरेना. मी सहज म्हणालो, "आई बसनं आली तर?" आई म्हणाली, "मी त्या एसटीनंच येते, तुमच्या आधी पोचेन." बायकोनं वही ओढून घेतली, गणित तपासलं आणि म्हणाली, "अहो, तुम्हीच दहा किलो उतरवा की. अर्धा घोडा होतो." गणित बरोबर होतं, म्हणून तो विषय तिथेच थांबला.

आणि बाबा. बाबा पुढच्या सीटवर बसतात. इंजिनाचा आवाज जरा चढला, की त्यांना पेट्रोल जळताना दिसतं आणि ते ओरडतात, "टाक, टाक, पुढचा टाक!" त्यामुळे आमची गाडी घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढते. खरं तर हे ४८ घोडे ६,००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्या झाल्या की, हजर होतात. सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ६९ न्यूटन-मीटर, तोही ३,५०० ला. तिसऱ्यात कुंथत २,००० वर चाललं, तर वीससुद्धा भरत नाहीत. उरलेले तबेल्यातच. दुसरा गिअर टाकून इंजिनाला ओरडू द्यायचं, एवढाच उपाय, आणि तो बाबांना पटवण्यापेक्षा टर्बो बसवणं सोपं.

गल्लीतल्या मिस्त्रींनी मात्र फार बोलणं केलं नाही. एअर फिल्टर काढून झटकला, तर त्यातून पुणे-सातारा रस्त्याचा बराच भाग बाहेर पडला. साधा नवा फिल्टर घातला, प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, टायरांत हवा भरली. बिल फॅन्सी फिल्टरच्या निम्म्याहून कमी.

"किती वाढले?" मी विचारलं.

"वाढले नाहीत साहेब. पळालेले पकडून आणलेत."

पुढच्या खेपेला मी बाबांना मागच्या सीटवर, आईशेजारी बसवलं. त्यांचं "टाक, टाक" रामरक्षेत बुडालं आणि गाडी दुसऱ्यात गुरगुरत घाट चढली. एसटी पार पाचगणीपर्यंत मागे राहिली. भिलारला पोचल्यावर जेवताना मी हे सगळं आकड्यांसकट रंगवून सांगितलं. कोणी फारसं ऐकलं नाही. फक्त मेव्हणा मन लावून ऐकत होता.

दिवाळीला आम्ही निघालो आणि खंबाटकी ओलांडली, तोच त्याचा फोन आला.

"दाजी, गाडी आता ओढते ना? मग वाईत थांबा. दुकानात सांगून ठेवलंय, स्ट्रॉबेरीच्या खताच्या दोन गोण्या तेवढ्या डिकीत टाकून आणा."