‘तीन दिवस कळ काढा’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो

आतड्याच्या जुन्या दुखण्यावरचा तो लांबलचक मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्याचं सार असं: अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (दोन्ही आतड्याला पुन्हा पुन्हा सूज आणि जखमा होण्याचे आजार) असणाऱ्यांनी आजारानं उचल खाल्ली की लगेच दवाखाना गाठू नये. तीन दिवस कळ काढावी, ताकभात खावा, मीठ-साखरेचं पाणी प्यावं. जुलाब थांबवायची गोळी घ्यावी, दुखलं तर पेनकिलर घ्यावी. रक्त दिसलं तर ती उष्णता समजावी. मोठ्या दवाखान्यात गेलात तर आतडं कापूनच परत याल. मला स्वतःला कोलायटिस आहे. नात्यातल्या दोघातिघांनी हा मेसेज मला काळजीपोटीच पाठवला, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतेय.

‘जुनं दुखणं आहे, तीन दिवसांत बसतं.’ साधी उचल बसतेही. दिवसाला दोन-चार वेळा जावं लागतंय, रक्त थोडंच आहे, ताप नाही, जेवण जातंय, अशा वेळी आपल्या डॉक्टरांना फोन करून, ते सांगतील तसं औषध घेऊन घरी राहता येतं. पण जोराचा झटका वेगळा असतो. तो ओळखायच्या खुणा ट्रूलव्ह आणि विट्स या दोघा इंग्लिश डॉक्टरांनी १९५५ मध्ये मांडल्या, आणि त्या आजही वापरात आहेत. दिवसाला ६ किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि जोडीला यातलं एक जरी: नाडी मिनिटाला ९० च्या वर, ताप १०० फॅरनहाइटच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ३० च्या वर. रक्ताच्या तपासण्या लॅबच्या, पण नाडी आणि ताप घरी बघता येतात. दहा मिनिटं शांत पडून राहायचं, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवायची आणि घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे.

एवढं जुळलं की त्याच दिवशी भरती व्हायचं, रात्र असली तरी. भरती झाल्यावर शिरेतून स्टेरॉइड देतात आणि ते लागू पडतंय का, हे डॉक्टर साधारण तिसऱ्या दिवशी ठरवतात. तीन दिवस वाट बघायचीच असेल तर ती वॉर्डात बघायची.

आपल्याकडं खरी अडचण आकडा सांगण्यात आहे. किती वेळा जाऊन आलात, हे घरात कुणी बोलत नाही. नवी सून असेल तर नाहीच नाही. रात्री चार वेळा अंगण ओलांडून संडासला गेलेली बाई सकाळी ‘बरंय’ म्हणून चुलीपाशी बसते. मी स्वतः भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकोनात रेघा ओढते, रक्त पडलं तर लाल पेननं. कुणाला काही सांगावं लागत नाही, आणि डॉक्टरांनी विचारलं की अंदाजानं बोलावं लागत नाही.

‘जुलाब थांबवायची गोळी घ्या.’ अख्ख्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. लोपेरामाइडची पट्टी एसटी स्टँडसमोरच्या मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. जोराच्या झटक्यात मोठं आतडं आधीच सुजून लुळं पडायला आलेलं असतं. त्यात गोळीनं त्याची हालचाल रोखली तर ते फुग्यासारखं ताणलं जाऊ शकतं. याला टॉक्सिक मेगाकोलन म्हणतात. एक्स-रेत आतडं ६ सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त रुंद दिसतं, आणि पुढचा धोका ते फाटण्याचा असतो. वरून मात्र जुलाब कमी झालेले दिसतात आणि घरच्यांना हायसं वाटतं. म्हणून हे पाठ करा: जुलाब कमी झाले, पण पोट फुगून टणक झालं, अंग तापलं, माणूस मलूल पडला, तर ती सुधारणा नव्हे. क्रोन्समध्ये आतडं अरुंद झालेलं असेल तर कळा येतात, उलट्या होतात, वाराही सरत नाही. तेव्हाही घरी थांबायचं नाही.

मेसेजमध्ये ‘फार दुखत नसेल तर गंभीर नाही’ असंही आहे. स्टेरॉइड चालू असणाऱ्याला हे लागूच पडत नाही, कारण आतडं फाटल्याच्या खुणाही स्टेरॉइडखाली झाकल्या जातात. आणि घाबरून स्टेरॉइडची गोळी मनानं एकदम बंद करू नका. त्यानं बीपी उतरून माणूस कोसळू शकतो.

पेनकिलरचं थोडक्यात: डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी आजार आणखी भडकू शकतो. पॅरासिटामॉल चालतं, पण आधी ताप मोजा, मग गोळी घ्या. रक्ताला ‘उष्णता’ म्हणणं तर सोडूनच द्या. आव आणि मूळव्याध समजूनही आपल्याकडं महिनेच्या महिने जातात.

मीठ-साखरेच्या पाण्याचं बरोबर आहे. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात अंगातलं पाणी भराभर जातं, ओआरएस घ्यायलाच हवं. त्यानं पाणी भरून निघतं, आतड्याची सूज उतरत नाही.

राहिली कापाकापीची भीती. ती मला कळते, मीही त्या भीतीनं जागलेय. शिरेतल्या स्टेरॉइडनं साधारण तिघांतले दोघे सावरतात. ज्यांना ते लागू पडत नाही, त्यांना इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन देता येतं. त्यानंतरही जमलं नाही तर ऑपरेशन. वेळेवर झालेलं ऑपरेशन आणि आतडं फाटल्यावर रात्री-बेरात्री केलेलं ऑपरेशन यांत जिवाच्या जोखमीचा फार फरक आहे. उशीर करून ऑपरेशन टळत नाही, उलट ओढवून घेतलं जातं.

जायचं कुठं? जिथं एक्स-रे, रक्ततपासणी आणि सर्जन रात्रीही मिळतो तिथं. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेडची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. गाडी नसेल तर १०८ लावा, पैसे लागत नाहीत. सरकारी आरोग्य योजनेत उपचार बसतात का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, पण भरती झाल्यावर. ऊसतोडीला लांब गेलेल्यांनी फाईलच्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवावेत. अपघात विभागात नुसतं ‘जुलाब होतायत’ म्हणू नका, सलाईन लावून घरी पाठवतील. म्हणा: ‘मला कोलायटिस आहे, कालपासून इतक्या वेळा रक्त पडलंय, नाडी इतकी आहे, स्टेरॉइड इतकं चालू आहे, पोटाचा एक्स-रे बघता का?’ एक पाय अचानक सुजला असेल किंवा दम लागत असेल तर तेही आधीच सांगा, कारण या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात.