हिरव्या क्रोमिसबद्दल तुमचं बरोबर आहे, काका

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. खाऱ्या पाण्यातल्या छोट्या, शांत माशांची माझी यादी पाहून तुम्ही सहा हिरवे क्रोमिस आणलेत आणि चार महिन्यांत एकच उरला. ‘याला शांत म्हणता? आणि इंदूरला बसून समुद्र पाळायचाच कशाला?’ असं तुम्ही विचारलंत.

क्रोमिसबद्दल चूक माझीच आहे. समुद्रात हे मासे फांद्याफांद्यांच्या प्रवाळाभोवती मोठ्या संख्येनं राहतात, म्हणून एकाची दादागिरी एकावरच पडत नाही. तीन फुटी टाकीत पाच-सहाच असले की दांडगा मासा सगळ्यात दुबळ्याला कोपऱ्यात दाबतो, खाऊ देत नाही, त्याचे पर कुरतडतो. तो मेला की पुढच्याची पाळी. मी मात्र ‘गटात ठेवा’ एवढं लिहून मोकळा झालो. तुमचे मासे त्यामुळे गेले, याचं मला फार वाईट वाटतं. क्रोमिसचं नाव यादीतून काढलं आहे. उरलेल्याला सोबत म्हणून दुसरा आणू नका, तो एकटा नीट राहील.

तुम्ही ओघात आणखी एक लिहिलंत, की पाणी कमी झालं की मिठाचं पाणी कालवून भरता. हे आजच थांबवा. उडतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, आपण टाकीवर पंखा लावतो, तेव्हा पाणी आणखी भराभर आटतं. त्यात रोज मिठाचं पाणी ओतलं तर महिन्याभरात खारटपणा कुठल्या कुठे चढतो आणि आधीच दबलेला मासा तग धरत नाही. काचेवर मार्करनं रेघ मारा आणि रोज सकाळी तिथपर्यंत नुसतं आरओचं पाणी भरा. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, विशिष्ट घनता 1.025 च्या आसपास दिसायला हवी. जास्त निघालं तर थोडं थोडं पाणी बदलत काही दिवसांत खाली आणा, एका दिवसात नको.

पण शांत मासा ही निव्वळ थाप, हे मला मान्य नाही. माझ्याकडे बांगाई कार्डिनल या माशांची नर-मादी जोडी आहे. मागच्या श्रावणात नरानं खाणं सोडलं. मला वाटलं, आजारी पडला. मुलीनं टॉर्च धरला तर जबडा खाली उतरलेला आणि ओठांच्या फटीत नारिंगी दाणे! मादीची अंडी तो तोंडात धरून होता. पिल्लं बाहेर पडेपर्यंत जवळजवळ महिनाभर तो जेवला नाही. हेच दोन नर एकत्र ठेवले असते तर एकमेकांच्या जिवावर उठले असते. मासा शांत राहतो तो असा, जोडी आणि जागा जमली तर.

‘कशाला?’ याला माझ्याकडे हेच उत्तर आहे. जुहूच्या वाळूत उभं राहून मला हे कधी दिसलं नसतं.

मात्र समुद्र ओरबाडून आणलेला मासा मलाही नको. बांगाई कार्डिनल मूळचा इंडोनेशियातल्या मोजक्या बेटांभोवतीचा, आणि शौकिनांसाठी पकडून पकडूनच तिथे कमी झाला. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारायचा, की पैदास केलेला आहे का. क्लाउनफिशची पैदास तर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्रानं हॅचरीत करून दाखवली आहे. आणि कुणी खरं प्रवाळ देऊ केलं तर हात लावू नका. 2001 पासून कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कडक संरक्षणाखाली आहे. टाकीत त्याऐवजी भाजलेल्या मातीचे दगड पुरतात.

सध्या नवा मासा आणू नका. आधी खारटपणा मोजा, आकडा इथेच कळवा. तो दोन आठवडे स्थिर राहिला की तुमच्या टाकीसाठी गोबी या छोट्या माशाचं बघू.