माझी रेल्वे कोणी पुसली?

ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या नकाशावर भांडणाची सुरुवात नेहमी गोड होते. ‘नमस्कार, आपल्या योगदानाबद्दल आभार’ असा निरोप आला की समजावं, आपलं काहीतरी पुसलं गेलं आहे. त्यापेक्षा शिव्या देणारा परवडला. तो निदान नकाशाला हात लावत नाही.

2004 साली स्टीव्ह कोस्ट नावाच्या इंग्रजाने हा उद्योग सुरू केला. कोणीही यावं आणि आपल्या गावचा रस्ता, पाणंद, पार नकाशावर काढावा. कोणीही काढू शकतो म्हटल्यावर कोणीही पुसूही शकतो, हे ओघानेच आलं. पण उत्साहाच्या भरात एवढं पुढचं कोण वाचतो? 2012 साली नकाशाच्या वापराचा परवाना बदलला तेव्हा ज्यांचा होकार आला नाही त्यांचं काम चक्क यंत्राने पुसलं. माझ्या नशिबी मात्र माणूस आला.

मी काढली होती बार्शी लाईट. 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीला निघालेली, अडीच फुटी रुळांवरची ही गाडी पुढे लातूरपर्यंत पोहोचली. 2008 पर्यंत ब्रॉडगेज झाली, मार्ग धाराशिवकडे (तेव्हाच्या उस्मानाबादेकडे) वळला आणि जुन्या वाटेचा एक तुकडा पोरका झाला. उपग्रहाच्या फोटोत तो अजून ओळखू येतो. सगळी शेतं चौकोनी, आणि त्यांना कापत गेलेली एक सावकाश वळणारी रेघ. इतकं दमानं वळण शेतकरी घेत नाही, रेल्वेच घेते. रात्री जागून मी बिंदूला बिंदू जोडत होतो. ‘याचे पैसे मिळतात का?’ असं घरातून विचारलं गेलं, ते मी ऐकलंच नाही.

आणि आला नमस्कार. गृहस्थ युरोपातले. ‘जमिनीवर जे नाही, ते नकाशावर नको.’ नियम खरा आहे, पण मोडलेल्या रेल्वेमार्गांवरून तिथे जुनं वैर आहे. एक पंथ म्हणतो, रूळ गेले तरी भराव आणि मोऱ्या उरतात, म्हणून ‘अबँडन्ड’ (सोडून दिलेली) लिहा. दुसरा म्हणतो, नांगर फिरला की ‘रेझ्ड’ (नामशेष), आणि रेझ्ड असेल तर पुसाच. फारच जीव गुंतला असेल तर ओपनहिस्टॉरिकलमॅप या इतिहासजमा गोष्टींच्या वेगळ्या नकाशावर जा.

मी पुसलेलं परत आणलं. त्यांनी परत पुसलं, तेही आभार मानून. आणखी ताणलं असतं तर प्रकरण डेटा वर्किंग ग्रुपकडे, म्हणजे नकाशावरची भांडणं सोडवणाऱ्या पंचांकडे गेलं असतं, आणि त्यांनी मनात आणलं तर दोघांचीही खाती काही दिवस बंद. शेवटी त्यांनी मोरीचा फोटो मागितला आणि मी एसटीत बसलो.

मोरी होती. घडीव दगडाची, ठणठणीत. बाजूच्या ज्वारीतून एक आबा आले.

‘काय मोजताय?’

मी मोबाईलवर नकाशा दाखवला. आपल्या रानातून रेल्वे जाताना बघून त्यांचा चेहरा पडला.

‘आबा, ही जमीन तुमचीच ना?’

‘कसतो तर आमीच.’

पुढचं मी विचारलं नाही.

‘पण ही लाईन एका परदेशी साहेबांनी पुसलीये,’ मी म्हणालो.

‘भला माणूस दिसतोय. तुमी कशाला परत काढताय मग?’

मी समजावलं की इथे पुसलेलंही पुरतं जात नाही. कोणी काढलं, कोणी पुसलं, कधी पुसलं, सगळी नोंद मागे राहते.

‘म्हंजी फेरफारच की ओ!’ आबा हबकले. ‘त्या पावण्याला म्हणावं, पुसायचं तर नीट पूस. आन हुरड्याला ये.’

मला त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. मी कॅमेरा उघडेपर्यंत त्यांनी म्हैस सोडून आणली आणि मोरीच्या तोंडाशी आडवी बांधली. ‘सावलीला,’ म्हणाले. बांधाशी लिंबाची गार सावली मोकळी पडली होती.

निघाला तसा फोटो मी चढवला. रात्री उत्तर आलं: ‘म्हैस स्पष्ट दिसते. मोरी दिसत नाही.’