डोकं एकाचं, नाव दुसरीला

काळ्या डोक्याचा भारीट आणि लाल डोक्याचा भारीट या दोन पक्ष्यांमधला फरक सांगा म्हटलं तर शेंबडं पोरही सांगेल, असं मला वाटायचं. एकाचं डोकं काळं, दुसऱ्याचं तांबूस, पोटाला दोघेही हळद लावल्यासारखे पिवळेजर्द. काळ्याची पाठ विटकरी, लालची हिरवट-पिवळी आणि त्यावर रेघा. विषय संपला.

पण हे झालं नरांचं. परवा ज्वारीच्या कणसावर एक मादी बसली आणि माझी विद्या तिथंच आटली. हिला ना काळं डोकं ना लाल, नुसती मातकट, फिकट, चोच तेवढी जाडसर. म्हणजे बघा, नाव ठेवलंय नवऱ्याच्या डोक्यावरून आणि लावायचं हिनं! काळ्याचं शास्त्रीय नामकरण १७६९ चं, लालचं १८४१ चं, मधे ७२ वर्षं गेली तरी मादीच्या तोंडाकडे बघून नाव सुचलंय असं काही दिसत नाही.

पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. लगेच एका जाणत्या काकांचा मेसेज, "रम्प दिसतंय का?" रम्प म्हणजे शेपटीच्या वरचा पाठीचा भाग. तांबूस झाक असेल तर काळ्याची शक्यता जास्त, हिरवट-पिवळं असेल तर लालची. शक्यता हं, खात्री नाही, काकांनी ते तीनदा बजावलं. मग मी दुर्बीण लावून तासभर एका अनोळखी बाईच्या पाठीमागे नजर लावून बसलो (शेताच्या मालकाला हे काय सांगणार होतो देव जाणे) आणि ती पठ्ठी पंख मिटून, पाठ झाकून, दाणे सोलत बसली. एकदाची उडाली तेव्हा तांबूस दिसलं खरं, पण तेव्हा उन्हं कलली होती, त्या उजेडात माझा पांढरा रुमालपण तांबूस दिसत होता.

त्यात काकांनी शेवटचा घाव घातला, उत्तर इराणच्या भागात दोघांचे विणीचे प्रदेश एकमेकांना भिडतात आणि तिथं संकरही होतो. म्हणजे आईबापांनीच घोळ घालून ठेवलाय, मी इथं दुर्बीण पुसून काय करणार?

शेवटी यादीत लिहिलं, 'काळ्या किंवा लाल डोक्याचा भारीट, मादी, १'. लाइफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेला पक्षी, म्हणून धरायचा की नाही ते ठरेना. रात्री एका मित्राचा रिप्लाय आला, "नीट झूम कर, चिमणी असेल." तिच्या शेपटीखालचा पिवळा रंग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, त्यामुळे एवढं मात्र मी ऐकून घेणार नाही.