‘सुटली की पुन्हा तेच करतात’ हे खरं नाही

अल्पवयीन मुलाच्या हातून काही घडल्याची बातमी आली की एक मजकूर ग्रुपांवर हमखास फिरतो : ‘रिमांड होममधली पोरं सुधारत नसतात. सुटली की पुन्हा तेच करतात. जितकी जास्त वर्षं आत, तितकं बरं.’

सुधारत नसतात? अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि फीनिक्समधल्या १,३५४ मुलांचा सात वर्षं माग ठेवला गेला. गुन्हा केला तेव्हा ती १४ ते १७ वर्षांची होती, आणि गुन्हे किरकोळ नव्हते, गंभीर होते. तरी वय वाढलं तसे बहुतेकांचे गुन्हे कमी होत गेले. सातत्यानं गुन्हे करत राहिलेली मुलं दहात एकाहूनही कमी.

‘जास्त वर्षं आत’ याचं उत्तरही त्याच अभ्यासात आहे. मुक्काम लांबवल्यानं पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटलं नाही. मला यात नवल वाटत नाही. एकाच वळणाची पोरं रात्रंदिवस एकत्र कोंडली की ती एकमेकांकडूनच शिकतात. (आपल्याकडे गुन्हा सिद्ध झाल्यावर मुलाला ज्या विशेष गृहात ठेवतात तिथला मुक्काम २०१५च्या बाल न्याय कायद्यानं तीन वर्षांपर्यंतच ठेवलाय. लोक ज्याला सरसकट रिमांड होम म्हणतात ते निरीक्षणगृह तर फक्त चौकशी चालू असेपर्यंतचं.)

काही मुलं पुन्हा अडकतात, हे खरंच आहे. पण सुटल्यावर त्यांच्या वाट्याला काय येतं ते बघा. माझ्या ओळखीचा एक सतरा वर्षांचा मुलगा प्लास्टिकच्या पिशवीत दोन शर्ट घेऊन आईबरोबर घरी आला. शाळेनं टोलवाटोलवी केली. मग गॅरेजमध्ये लागला, पंक्चर काढायला पटकन शिकला. नवव्या दिवशी मालकानं मोबाइल पुढे धरला. त्यात याचा फोटो, जुन्या प्रकरणाचा. “काम चांगलं करतोस रे, पण गिऱ्हाइकं विचारतात.” दुसऱ्या दिवसापासून पोरगा परत नाक्यावर.

संस्थेत अठरा पूर्ण झालेल्यांसाठी कायद्यात पुढच्या आधाराची तरतूद आहे, केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखाली महिना चार हजार रुपये. हा मात्र अठराच्या आत घरी आलेला. त्याला हवं होतं ते गॅरेजच, आणि ते एका फॉरवर्डनं घालवलं.

अशा मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या ग्रुपवर तसा फोटो आला तर पुढे पाठवू नका, ॲडमिनला लगेच काढायला सांगा.